सूत कुणी बघितलं?

तात्या,

लिहून देतो की मी, तुमचा थोरला मुलगा. नाव लिहीत नाही, ते तुम्हीच ठेवलेले आहे. वय वर्षे पंचाहत्तर पूर्ण. शिक्षण मराठी चौथी पास. धंदा पूर्वी गवंडीकाम, हल्ली शेती व दोन म्हशी. गावच्या दूध संस्थेच्या बांधकाम कमिटीचा प्रमुख. राहणार निमगाव केतकीच्या अलीकडे, आपल्या त्याच गावी व त्याच घरात, ज्याच्या पायाभरणीत तुमच्या हातचा दगड आहे. मी पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्या सांगण्यावरून अथवा दडपणाखाली न येता पुढील हकिकत सांगत आहे. लिहिण्याची ही रीत मला इंदापूरच्या कोर्टात लागली. बांधाच्या व सामाईक भिंतीच्या तंट्यांत मला पंच म्हणून पुष्कळदा बोलावणे येई, आणि तेथील कारकून जबाब कसा लिहून घेतो ते मी ध्यानात ठेवले. पत्राची दुसरी सुरुवातही मला येते. परंतु जो माणूस हयात नाही त्याची प्रकृती कुशल असावी अशी आशा करणे मला खोटेपणाचे वाटते.

हकिकत कळण्यासाठी आधी गावाचे सांगतो, कारण तुम्ही पाहिलेले गाव आता तसे राहिलेले नाही. तुमच्या वेळी घरचे दूध विकणे कमीपणाचे मानत. आता सकाळी उजाडले की निम्मे गाव किटल्या घेऊन रस्त्यावर असते, आणि त्यांत बायका जास्त. आपल्या भाऊबंदांपैकी मेंढरे कोणीच ठेवत नाही. कोणी ऊस लावला, कोणी बारामतीच्या कारखान्यांत कामाला जातो, कोणाचा एस.टी. स्टँडसमोर फोनचा बूथ आहे. दूध संस्था इतकी वर्षे भाड्याच्या खोलीत होती. तिला स्वतःची इमारत बांधायची ठरले: पुढे दूध घेण्याची मोठी खोली, मागे दूध थंड ठेवण्याचे यंत्र, बाजूला पेंडीचे कोठार. पैसा सभासदांचा, दर बिलातून थोडा थोडा कापून साठवलेला. म्हणून कमिटी नेमली आणि मला तिचा प्रमुख केले. या तालुक्यात भिंत पाहून ती किती वर्षे उभी राहील हे सांगणारा माणूस म्हणून मला लोक ओळखतात. हे मी फुशारकीने लिहीत नाही. तुम्हांला ठाऊक असावे म्हणून लिहितो.

संस्थेचा चेअरमन म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीचा नातू. मोटारसायकलवरून उतरतानाही घाईत असतो. सभेत तो उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, आता नवी पद्धत आलीया. पुण्याची कंपनी हाय. नकाशा त्येंचाच, बांधकाम बी त्येंचंच. आपण फकस्त काय पायजे त्ये सांगायचं. शेवटी किल्ली आपल्या हातात."

मी सभेत शुद्ध बोलतो. गावाला त्याचे हसू येते, मला येत नाही. मी विचारले, "आणि पाहणार कोण?"

"काय बघायचं?"

"नकाशाप्रमाणे बांधले की नाही, ते."

"त्येच बघतील की. त्येंचाच तर नकाशा!"

मागून कोणी तरी म्हणाले, "म्हंजे परीक्षा बी त्येनीच द्यायची आन पेपर बी त्येनीच तपासायचा." सभा हसली. मी हसलो नाही, कारण माझ्या मनातले नेमके तेच होते आणि ते दुसऱ्याने थट्टेत बोलून टाकले.

चेअरमनचे म्हणणे अगदी पोकळ होते असे नाही. त्याने शाळेच्या व्हरांड्याचा दाखला दिला. त्या व्हरांड्याचा नकाशा एकाने काढला, बांधकाम दुसऱ्याने केले, आणि पहिल्याच पावसाळ्यात छत गळू लागले. नकाशावाला म्हणाला, बांधणाऱ्याने उतार ठेवला नाही. बांधणारा म्हणाला, नकाशात उतार दाखवलाच नव्हता. छत अजूनही गळते, आणि चौथीचा वर्ग कोपऱ्यात बादली ठेवून बसतो. "एकाच्या हातात दिलं," चेअरमन म्हणाला, "तर बोट कुणाकडं दाखवंल? सोताकडंच ना?" माणसे माना डोलावू लागली. मी म्हणालो, जो काढतो तोच बांधतो तेव्हा जे बांधायला सोपे तेच तो कागदावर काढतो, आणि जे चुकले ते गिलाव्याखाली झाकतो. माझी सही पाहिजे असेल तर आधी माझी खात्री पटली पाहिजे. कमिटी प्रमुखाच्या सहीवाचून करार होत नव्हता. सभा उठली, आणि त्या दिवसापासून गावाच्या इमारतीच्या आड मी एकटा उभा आहे असे लोक बोलू लागले.

तात्या, हा संशय मी कोणाकडून घेतला हे तुम्हांला सांगायला नको. सुप्याच्या त्या दुकानदाराच्या घराचे काम आठवते का? माझे नुकतेच लग्न झाले होते आणि मला कोपरा स्वतंत्रपणे धरायला मिळाला होता. आजही तो कोपरा दिसतो: वारा माळावरून येतो आहे, दगडाची कच दातांत करकरते आहे, आणि मी सुताची दोरी ताणून पहिला थर बसवला आहे. सुताला थर लागून आहे की नाही हे मी एक डोळा मिटून पाहिले. केसभरही फरक नव्हता. तुम्ही बाजारातून परत आलात. तुम्ही भिंतीकडे पाहिलेसुद्धा नाही. माझ्याकडे पाहिलेत.

"सूत कुणी लावलं?"

"मी."

"बघितलं कुणी?"

"मीच."

"उतर थर."

मी म्हणालो, "तात्या, थर सरळ हाय. तुमी बगा तरी."

"सरळ हाय. तरी बी उतर. ज्येनं सूत लावलं त्येनं बघायचं न्हाय. कुणाला तरी हाक मारायची. गिऱ्हाइकाला मार, न्हायतर रस्त्यानं जाणाऱ्याला मार. आपला डोळा आपल्याच हाताच्या बाजूनं बोलतो."

दुकानदाराच्या सबंध कुटुंबासमोर मी तो थर उतरवला. एकेक दगड खाली ठेवताना माझे कान तापले होते. तुमची सून तेव्हा नवी होती. तिला कोणी हे सांगू नये असे मला वाटत होते, आणि संध्याकाळपर्यंत तिला कळलेही होते. त्यानंतर पुढील सर्व आयुष्यात मी स्वतः लावलेले सूत स्वतः पाहिले नाही. कोणी नसले तर वाटेने जाणाऱ्या बैलगाडीवाल्याला थांबवले. लोक मला तऱ्हेवाईक म्हणत, म्हणोत. मग मला सांगा, पुण्याची एक कंपनी स्वतःच सूत लावणार, स्वतःच पाहणार, आणि त्याखाली मी सही करणार, हे कसे व्हावे?

चेअरमनने मला जीपमध्ये घालून बारामतीला नेले. औद्योगिक वसाहतीत त्याच कंपनीने त्याच पद्धतीने बांधलेली एक इमारत होती. ती पाहिली की माझा संशय फिटेल असा त्याचा हिशेब. मी पिशवीत ओळंबा घेतला होता, वर टॉवेल झाकला होता. फाटकाशी कंपनीचा इंजिनिअर उभा होता. बुटके, भरलेले शरीर, चाळिशीचा, मूळचा सोलापूरकडचा. नमस्कार करून म्हणाला, "आबा, पिशवीत ओळंबा आहे ना? लावा की. जिथे वाटेल तिथे लावा."

त्याला कसे कळले, हे मी विचारले नाही. चेअरमनने फोन करून सांगितले असणार. मी ओळंबा सोडला. भिंत ओळंब्यात होती. गिलाव्यावर नखाने टिचकी मारत गेलो. कोठेही पोकळ आवाज आला नाही. खिडकीच्या कोपऱ्यांना गुण्या लावला, कोपरे काटकोनात होते. गच्चीवर चढून मी बादलीभर पाणी ओतायला लावले आणि ते कोठे जाते ते पाहत उभा राहिलो. ते जेथे जायला पाहिजे तेथेच गेले. इंजिनिअर सगळा वेळ मागे हात बांधून उभा होता, आणि मी काहीही मागितले की "जरूर" म्हणत होता. हे मला मुळीच आवडले नाही. ज्याच्याकडे लपवण्याजोगे काही नाही तो माणूससुद्धा इतक्या वेळा जरूर म्हणत नाही. कोठे तरी कंटाळतो. परतताना चेअरमन म्हणाला, "आबा, आता तरी पटलं?" मी म्हणालो, "दाखवायची इमारत प्रत्येकाकडे एक असते."

घरी पोहोचलो तेव्हा तुमची सून चुलीपुढे भाकरी थापत होती. गॅस घरात आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. मी पाटावर बसून बारामतीची सर्व हकिकत सांगितली. नकाशा एकाचा आणि हात दुसऱ्याचा हीच खरी रीत, दोघांनी एकमेकांवर नजर ठेवली पाहिजे, तात्यांचीही हीच शिकवण होती, असे बरेच बोललो. तिने तव्यावरची भाकरी उलटली आणि मान वर न करता विचारले,

"मामंजींना नकाशा कोण द्यायचं वो?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"म्हंजे ह्यो जो आपला गुरांचा वाडगा, ह्यी पडवी, ह्यी चूल हितं पायजे आन दार तितं पायजे, त्ये कुणी ठरीवलं? कुणी बारामतीचा सायेब आलता व्हय नकाशा घिऊन? मामंजीच ठरवायचं आन मामंजीच बांधायचं. तुमची ती कंपनी काय निराळं करतीया?"

तात्या, मी दुसरी भाकरी घेतली नाही. तिने ताटात घातली होती, ती तशीच ठेवून उठलो. पंचाहत्तराव्या वर्षी माणसाला आपल्या बापाबद्दल नवी गोष्ट कळावी, आणि तीही सुनेकडून तुमच्या! ती म्हणाली ते खरे होते. तुम्ही आयुष्यभर कोणाचा कागद हातात धरला नाहीत. धरला असता तरी तुम्हांला वाचता आला नसता. तुमची पत्रे मीच वाचून दाखवीत असे. मोकळ्या जागेवर उभे राहून तुम्ही मनात घर बांधत होतात आणि मग तेच हाताने बांधत होतात. दोन्ही एकाच माणसाच्या ताब्यात. मग मला सुप्याला थर कशासाठी उतरवायला लावलात? हे मी दोन दिवस पडवीत बसून तुम्हांला विचारत होतो, आणि थोडा संशय मला तुमचाही आला. खोटे कशाला लिहू?

उत्तर मला पडवीच्या दारानेच दिले. हे दार भिंतीच्या मध्यावर नाही, डावीकडे सरकलेले आहे. नवखा माणूस त्याला चूक समजतो. ते कसे सरकले ते मला आठवले. घर बांधण्यापूर्वी तुम्ही ओंजळीने चुन्याची फक्की सोडत सोडत सबंध घर जमिनीवर आखले होते. ही खोली, ही पडवी, हे दार. मग तुम्ही आईला हाक मारलीत. "ये, घरात चाल." डोक्यावर भरलेली घागर, काखेत धाकटी, अशी आई त्या पांढऱ्या रेघांतून चालते आहे. विहिरीकडून येते, दारातून आत शिरते, चुलीकडे वळते. वळताना तिचा पाय रेघेवर पडतो. ती थांबते, ओशाळून हसते, म्हणते, "भित्तीवर पाय पडला वो माजा." आणि तुम्ही म्हणता, "तुजा पाय न्हाय चुकला. भिंत चुकली." तुम्ही पायातली वहाण काढून अनवाणी पायाने ती रेघ पुसता आणि दुसरीकडे फक्की सोडता. आई पुन्हा चालते. पुन्हा पुसता. तिचा पाय अडायचा थांबला तेव्हाच तुम्ही कुदळ मागवलीत. प्रत्येक घराच्या कामाला तुम्ही त्या घरच्या बाईला असेच चालवत असा. मी ती तुमची एक हौस समजत आलो होतो. ती हौस नव्हती. घर मनात काढणारे तुम्ही, बांधणारे तुम्ही. पण पाहायला तुम्ही दुसऱ्याला उभे करत होतात, आणि तेही अशा माणसाला ज्याला पुढे जन्मभर त्यातून चालायचे आहे.

तिसऱ्या दिवशी मी संस्थेत गेलो आणि माझ्या अटी सांगितल्या. पहिली: सहीपूर्वी सबंध इमारत प्रत्यक्ष मापाने जागेवर फक्कीने आखावी, आणि दूध घालणाऱ्या सभासदांनी नेहमीच्या वेळी, भरलेल्या किटल्या घेऊन त्यातून चालावे. दुसरी: बांधकाम सुरू झाल्यावर मिस्त्री सूत लावील ते मी पाहीन. चेअरमनने कपाळावर हात मारला. "आबा, पुण्याच्या कंपनीला फक्की मारायला सांगू? कबड्डीचं ग्राउंड हाय का त्ये?" पण फोन लावला. इंजिनिअर पलीकडून काय म्हणाला ते मला चेअरमनच्या चेहऱ्यावरूनच कळले. तो जरूर म्हणाला होता.

इमारतीच्या जागेवर फक्की पडली त्या सकाळी जत्राच भरली. थंडी होती, किटल्यांतून वाफ येत होती. जमिनीवर पांढऱ्या रेघांची इमारत पसरली होती आणि तिच्या कोपऱ्यांवर कंपनीच्या मिस्त्रीने खुंट्या ठोकल्या होत्या. पहिल्यांदा कोणीच आत जाईना. मग एक पोक्त बाई सरळ भिंतीच्या रेघेवरून आत शिरली. मागची ओरडली, "अगं भित्तीतनं कशी गेलीस? भूत हायस का?" "माजं घर मागल्या अंगाला हाय, मी मागनंच येनार. दार फुडं कशाला ठिवलंया ह्येनी?" पुरुष हसू लागले, तशी तीच म्हणाली, "दात नगा काढू, किटली धरा जरा." ती किटली चेअरमनलाच धरावी लागली. हळूहळू सगळे रांगेला लागले. दूध मोजण्याच्या जागी एक टेबल ठेवले होते; तेथे किटली रिकामी करून परत फिरणारे आणि भरलेली किटली घेऊन येणारे त्याच एका दारात समोरासमोर येऊ लागले. तुमच्या सुनेची भरली किटली दुसरीच्या रिकाम्या किटलीवर आपटली आणि दूध रेघेवर सांडले. ती माझ्याकडे न बघता इंजिनिअरकडे वळली. "सायेब, जायाला निराळं दार पायजे. न्हायतर रोज सकाळी हितं भांडणं हुतील, आन दुधापरीस पाणीच जास्ती सांडंल डोळ्यातनं."

आता तो काय करतो हे मी पाहत होतो. माझा अंदाज असा होता की तो म्हणेल, कळवतो, विचारतो, नकाशा पुण्याला आहे. त्याने वाकून रेघेकडे पाहिले. मग बुटाच्या तळव्याने, चांगल्या पॉलिश केलेल्या बुटाने, ती रेघ पुसली. मिस्त्रीकडून फक्कीची पाटी घेतली आणि मागच्या बाजूला स्वतःच्या हाताने दुसरे दार सोडले. "आता चाला," तो म्हणाला. बायका चालल्या. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. कोणाची किटली कोणाला लागली नाही.

मी जवळ जाऊन विचारले, "नकाशाचे काय?"

तो म्हणाला, "नकाशा आमचाच आहे, आबा. दुसऱ्याने काढलेला असता तर पत्रव्यवहार करावा लागला असता, आणि तोपर्यंत पाया भरून झाला असता. आता मी आज रात्री बदलतो. या पद्धतीत चांगलं असेल तर एवढंच आहे."

त्याच्या बुटाला चुना आणि दूध दोन्ही लागले होते. मी तुमचा अनवाणी पाय आठवला आणि क्षणभर माझे मन निवळले. पण क्षणभरच. घरी येता येता मला शंका आली की पहिल्यांदा त्याने मुद्दामच एकच दार आखले असावे, म्हणजे बायका सांगतील, तो पुसेल आणि मी सही करीन. ही शंका मी तुमच्या सुनेला बोलून दाखवली. ती म्हणाली, "तुमाला देव जरी भेटला तरी त्येला दोन का चार हात हायती त्ये मोजाल." मी दुसऱ्या दिवशी करारावर सही केली. अटी लिहून घेऊनच केली.

काम सुरू झाले. मी रोज सकाळी जात होतो. मिस्त्री कर्नाटकाच्या बाजूचा, हाताने चांगला, स्वभावाने तापट. मी सुतावर डोळा लावला की तो दुसरीकडे तोंड करून तंबाखू मळत बसे. एकदा म्हणाला, "आबा, तुम्ही इथंच खाट टाका, घरी कशाला जाता?" एके दिवशी म्हशीला बरे नव्हते म्हणून मला उशीर झाला. पोहोचलो तर मागच्या दाराशेजारची भिंत माझ्या गुडघ्यापर्यंत आली होती.

मी विचारले, "सूत कुणी बघितलं?"

"मी."

"लावलं कुणी?"

"मीच. आबा, भिंत सरळ आहे. ओळंबा टाका."

आणि तात्या, माझी शुद्ध भाषा कोठे गेली मला समजले नाही. माझ्या तोंडून तुमचाच आवाज आला. "सरळ हाय. तरी बी उतर."

त्याने थापी सिमेंटच्या मसाल्यात आदळली. मजूर थांबले. इंजिनिअर त्या दिवशी कामावर होता. तो आला, दोघांचे ऐकून घेतले, भिंतीवर हात फिरवला आणि पहिल्यांदाच त्याने जरूर म्हटले नाही. "नाही, आबा. सरळ भिंत मी उतरवणार नाही. ही वीट, हे सिमेंट तुमच्याच सभासदांच्या दुधाचं आहे. पण तुम्ही सूत बघितल्याशिवाय उद्यापासून एक वीट चढणार नाही. हा माझा शब्द."

माझा सर्व मजुरांसमोर अपमान झाला होता. मी पिशवी उचलली आणि घरी आलो. मनात म्हटले, शब्द! ज्याचा नकाशा, ज्याची वीट, त्याचाच शब्द. तो मोडला तर विचारणार कोण? दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. पडवीत बसून राहिलो आणि कान तिकडे लावला. एरवी मिक्सरचा आवाज आपल्या घरापर्यंत येतो. त्या दिवशी आला नाही. ऊन पायरीवर आले, पायरीवरून उंबऱ्यावर आले, तरी आला नाही. शेवटी फाटकाशी मिस्त्री उभा राहिलेला दिसला. हातात फडके पिळत होता.

"आबा, चला की."

"कशाला?"

"साहेबांनी सकाळपासून काम बसवलंय. सगळी माणसं सावलीला बसून आहेत. तुम्ही सूत बघितल्याबिगर वीट चढत नाही म्हणतात."

मी त्याला पाटावर बसवले. चहा टाकायला सांगितला. माझा चहा मी सावकाश प्यालो. एवढा मान माझ्याकडे शिल्लक होता. नंतर पटका बांधला आणि त्याच्या बरोबर गेलो. त्या दिवसापासून तो सूत लावून हाक मारी आणि मी पाही. दोनदा मला फरक दिसला, दोन्ही वेळा त्याने तो लगेच दुरुस्त केला. पुढे पुढे तर मी पाहून झाल्यावर तो म्हणे, "आता दुसऱ्या टोकानं पण बघा," आणि हे त्याला मी सांगितलेले नव्हते.

इमारत उभी राहून आता एक पावसाळा गेला. छत गळले नाही. बायका एका दाराने आत जातात आणि दुसऱ्याने बाहेर येतात, आणि आखणीच्या दिवसाचे कोणी नाव काढत नाही, जसे आपल्या पडवीच्या दाराचे कोणी काढत नाही. उद्घाटनाला पुढाऱ्यांची भाषणे झाली. इंजिनिअर मागच्या रांगेत बसला होता. मी त्याच्याशी फार बोललो नाही. तो गोड बोलणारा माणूस आहे आणि गोड बोलणाऱ्यांविषयी माझे मत बदललेले नाही. एक पावसाळा म्हणजे काही पुरावा नव्हे. भिंत काय आहे हे भिंत वीस वर्षांनी सांगते, आणि तेव्हा मी विचारायला नसेन. म्हणून दूध घालून झाले की मी मागच्या दाराशी थोडा थांबतो, टॉवेलखालून ओळंबा काढतो आणि न उतरवलेल्या त्या भिंतीला लावतो.

येथे माझा जबाब संपत होता. परंतु लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की हे लिहिले मी आणि वाचून पाहिलेही मीच. तुमच्या नियमाने हा सबंध थर उतरवावा लागेल. म्हणून तुमच्या सुनेला समोर बसवून पहिल्यापासून वाचून दाखवले. मिस्त्री निमगावच्या एका कामावर आला आहे. तो नमस्कार करायला म्हणून आला होता, तोही पायरीवर बसून ऐकत राहिला. भाकरी ताटात टाकून उठलो ते वाचताना ती म्हणाली, "व्हय, आन ती भाकरी मग म्हशीनं खाल्ली, त्ये बी लिवा." ते मी लिहिणार नव्हतो. मग ओळंब्याच्या जागी आलो तेव्हा तिने हात वर करून मला थांबवले.

"हितं चुकलंया. पुरं न्हाय लिवलं."

मी विचारले, काय राहिले.

"ओळंबा लावून घरी येता तवा त्वांड कसलं असतंय तुमचं? भिंत सरळ निघाली म्हणून कुणी असं त्वांड करतं व्हय? त्ये लिवा मामंजींना. त्यास्नी कळंल."

मिस्त्री खाली मान घालून हसला. तात्या, पाहणाऱ्याने फरक दाखवला तर लावणाऱ्याने वाद घालायचा नसतो. तेव्हा लिहून देतो: दररोज ओळंबा स्थिर होईपर्यंत मी श्वास धरून उभा असतो, आणि भिंत आज तरी केसभर सुटलेली निघावी आणि माझा संशय खरा ठरावा असे मला वाटते. ती निघत नाही. मला थोडे वाईट वाटते, आणि ओळंबा गुंडाळताना मी त्या भिंतीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहतो. हे वाचून दाखवायला आता मला तुमच्याकडे येता येत नाही, आणि टपालाने तुम्ही कोणाकडून वाचून घेणार? म्हणून हा कागद ओळंब्याच्या पिशवीतच ठेवतो.

वरील मजकूर वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

समक्ष हजर: तुमची सून, जिने ऐकून एक जागा दुरुस्त करवली, आणि ती भिंत बांधणारा मिस्त्री, जो चहा होईपर्यंत थांबला.